उंबरठ्यावरची साखर

साठी ओलांडलेल्या माणसांच्या घरात वर्षातून एकदा रक्ततपासणी होणे ही आता नित्याची गोष्ट झाली आहे. अहवाल येतो, मुलगा किंवा सून मोबाइलवर आकडे पाहते आणि एका ओळीतील ठळक आकड्यापाशी थांबते. उपाशीपोटी साखर १०८, किंवा ‘एचबीए१सी’ ६.१. शेजारी ‘प्रीडायबेटिस’ असे छापलेले असते. त्याच संध्याकाळी चहातील साखर बंद होते, फळांची टोपली नजरेआड जाते आणि आजोबांच्या ताटातील भात नाहीसा होतो. महिना-दीड महिना ही शिस्त टिकते. पुढे एखादे लग्नकार्य किंवा गणेशोत्सव येतो आणि सारे पूर्ववत होते.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांनी हा अनुभव घेतला असेल. दवाखान्यात बसून इतकी वर्षे मी पाहते आहे, की या अवस्थेत ज्येष्ठांचे नुकसान दोन प्रकारे होते. काही जण ‘अजून मधुमेह कुठे झाला आहे’ असे म्हणून अहवाल कपाटात ठेवून देतात. काही जण इतके घाबरतात, की जेवणच तोडतात आणि साखरेबरोबर अंगातील बळही घालवून बसतात. साखर आटोक्यात ठेवायची आणि शक्तीही राखायची, ही दोन्ही कामे एकत्र कशी साधावीत, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

आकड्यांचा अर्थ

मधुमेहपूर्व अवस्था तीन तपासण्यांवरून ओळखली जाते. किमान आठ तास काही न खाता केलेल्या तपासणीत साखर १०० ते १२५ मिलिग्रॅम असेल, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घेतल्यावर दोन तासांनी ती १४० ते १९९ असेल, किंवा मागील सुमारे तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीए१सी ५.७ ते ६.४ असेल, तर आपण उंबरठ्यावर आहात असे समजावे. उपाशीपोटी १२६, दोन तासांनंतर २०० किंवा एचबीए१सी ६.५ झाल्यास मधुमेहाचे निदान होते. जागतिक आरोग्य संघटना उपाशीपोटीची मर्यादा १०० ऐवजी ११० पासून धरते. त्यामुळे १०४ हा आकडा एका प्रयोगशाळेच्या अहवालात सामान्य, तर दुसरीच्या अहवालात वाढलेला दिसू शकतो. त्याने गोंधळून जाऊ नये.

एका तपासणीवरून घाईने निष्कर्ष काढू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. ताप, जंतुसंसर्ग, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा दम्यासाठी अथवा सांधेदुखीसाठी घेतलेली स्टेरॉइडची औषधे यांमुळे साखर काही काळ वाढते. एचबीए१सी ही तपासणी हिमोग्लोबिनवर अवलंबून असल्यामुळे रक्तक्षय असेल तर ती फसवू शकते. लोहाच्या कमतरतेत ती खऱ्याहून जास्त दिसू शकते. रक्तस्राव झाला असेल किंवा मूत्रपिंडाचा जुना विकार असेल, तर ती कमीही दिसू शकते. म्हणून हिमोग्लोबिनचा आकडा शेजारी ठेवूनच हा अहवाल वाचावा आणि शंका असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने तपासणी पुन्हा करावी.

आपण या उंबरठ्यावर एकटे नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या अलीकडच्या पायरीवर आहेत.

साखर रक्तात का साचते?

जेवणातून आलेली साखर रक्तातून पेशींमध्ये नेण्याचे काम इन्सुलिन करते. या साखरेचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे आपले स्नायू. मांड्या, पोटऱ्या, कंबर आणि दंड यांचे स्नायू भक्कम असतील व वापरात असतील, तर जेवणानंतरची साखर ते झपाट्याने उचलतात. वय वाढते तसे स्नायू झिजतात, हालचाल मंदावते आणि पोटाभोवती चरबी साठते. ही चरबी इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. गिऱ्हाईक कमी झाले, की माल बाजारात पडून राहतो. रक्तातील साखरेचे तसेच होते.

‘मी तर सडपातळ आहे, मला कसा होईल मधुमेह?’ हा प्रश्न अनेक ज्येष्ठ विचारतात. त्याचे उत्तर पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनातून मिळते. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे व लंडनमधील प्रा. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंची व वजन यांच्या गुणोत्तरातून काढला जाणारा बीएमआय दोघांचाही २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. भारतीय शरीर बारीक दिसत असले तरी आत चरबी अधिक आणि स्नायू कमी असू शकतात, हे त्या एका छायाचित्राने जगाला दाखवून दिले. म्हणून वजनकाट्याबरोबर शिंप्याची टेपही वापरावी. पुरुषांच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा, अशी मर्यादा भारतीयांसाठी सांगितली जाते.

आशेला आधार आहे

उंबरठ्यावर आलेला प्रत्येक जण आत जातोच असे नाही. चीनमधील दाचिंग शहरात १९८६ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात आहार व व्यायाम यांत बदल केलेल्यांना मधुमेह सरासरी सुमारे चार वर्षे उशिरा झाला. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी भारतीयांवर केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जीवनशैलीतील बदलांनी मधुमेहाचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले. अमेरिकेतील २००२ च्या मोठ्या अभ्यासात ही घट ५८ टक्के होती. त्यातही साठीपुढील गटात ती ७१ टक्के, म्हणजे तरुणांपेक्षा अधिक होती. ‘या वयात आता काय बदल होणार?’ असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

दुसरी दिलासा देणारी बाब अशी. अमेरिकेतच सत्तरीच्या पुढील लोकांवर झालेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांची एचबीए१सी ५.७ ते ६.४ होती, त्यांपैकी पुढील पाच-सहा वर्षांत ९ टक्के लोकांना मधुमेह झाला, तर १३ टक्क्यांची साखर सामान्य पातळीवर परतली. पंचाहत्तरी गाठलेल्या व्यक्तीने ६.० या आकड्याच्या भीतीने झोप उडवून घेण्याचे कारण नाही. योग्य काळजी घ्यावी, एवढेच पुरेसे आहे.

ताटाची डावी-उजवी बाजू

साखरेचा विषय निघाला, की आपले सारे लक्ष चहाच्या कपाकडे जाते. ते अगदीच चुकीचे नाही. दिवसाला चार कप आणि प्रत्येकात दोन चमचे, असा हिशेब केला तर जवळजवळ ४० ग्रॅम साखर पोटात जाते. पण बिनसाखरेच्या चहाबरोबर चार मारी बिस्किटे, खारी किंवा टोस्ट खाल्ला, तर काय साधले? मैदा आणि साबुदाणा यांचेही पोटात गेल्यावर साखरेतच रूपांतर होते. भारतीय माणसाच्या आहारातील सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात, असे ‘इंडियाब’च्याच पाहणीत आढळले आहे. मोठा वाटा आहे तो पांढरा भात, दळलेले धान्य आणि साखर यांचा.

आपल्या पूर्वजांनी ताट वाढण्याची जी पद्धत घालून दिली, तीच येथे उपयोगी पडते. डाव्या बाजूला कोशिंबीर, चटणी, लिंबू. उजव्या बाजूला भाजी, उसळ, आमटी. आणि मध्ये पोळी किंवा भात. आज मधला भाग फुगला आहे व दोन्ही बाजू नावापुरत्या उरल्या आहेत. त्या बाजू मोठ्या करा आणि मधला भाग आवरता घ्या, एवढा एकच नियम पाळला तरी पुष्कळ काम होते. निम्मे ताट भाज्या व कोशिंबिरीचे, एक चतुर्थांश डाळ, उसळ, दही, अंडे किंवा मासे यांचे आणि उरलेले चतुर्थांश धान्याचे असावे.

खाण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी कोशिंबीर व भाजी, मग उसळ किंवा आमटी आणि शेवटी पोळी-भात असे जेवल्यास साखर सावकाश चढते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. वरण-भाताने सुरुवात करण्याची सवय असलेल्यांनी तो भात सोडू नये. शेवटी घ्यावा आणि लहान वाटीने घ्यावा.

काही समजुतीही तपासून पाहाव्यात. गूळ व मध यांनी साखर वाढत नाही, ही समजूत खरी नाही. रक्ताच्या दृष्टीने ती साखरच होय. ज्वारी-बाजरीची भाकरी उत्तम, परंतु तीन भाकऱ्यांचे पिष्ट तीन भाकऱ्यांएवढेच असते. ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या बिस्किटात मैदा व तूप असतेच. कारल्याचा किंवा मेथीचा मारा करून बाकीचे जेवण तसेच ठेवल्यास हाती फारसे काही लागत नाही. फळांचा रस काढून पिऊ नये. पेरू, पपई, संत्रे, सफरचंद यांपैकी एखादे फळ चावून खाण्यास मात्र मज्जाव नाही. आंब्याच्या दिवसांत आमरसाच्या वाटीऐवजी दोन-तीन फोडी खाव्यात, आणि त्या दिवशी एक पोळी कमी करावी.

येथे एका अडचणीचा उल्लेख अवश्य केला पाहिजे, कारण तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. दात पडलेले असतात किंवा कवळी नीट बसत नाही. त्यामुळे आजी-आजोबा काकडी, गाजर, उसळ टाळतात. मऊ भात, पेज आणि चहात बुडवलेले बिस्किट यांवर दिवस काढतात. अशांना ‘सॅलड खा’ असा उपदेश करणे व्यर्थ आहे. गाजर-काकडी किसून दह्यात कालवावी, भाज्या मऊ शिजवाव्यात, मुगाची धिरडी करावीत, उसळ रवीने थोडी घोटून द्यावी आणि कवळी दंतवैद्याकडून दुरुस्त करून घ्यावी. दात दुरुस्त झाल्यावर ताट सुधारते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

उपवास आणि सणवार

आपल्या घरांत एकादशी, संकष्टी, गुरुवार असे उपवास असतात. श्रद्धेचा मान राखून एवढेच सांगते, की साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट होय. तिच्या जोडीला बटाट्याची भाजी आणि रताळ्याच्या गोड फोडी आल्या, की उपवासाचा दिवस साखरेच्या दृष्टीने सर्वांत भारी ठरतो. त्याऐवजी लहान वाटीभर भगर, तिच्याबरोबर दाण्याची आमटी, दाण्याचे कूट घातलेली काकडीची कोशिंबीर, ताक आणि एखादे फळ घ्यावे. राजगिऱ्याची भाकरी किंवा दुधातील राजगिऱ्याच्या लाह्या हाही चांगला पर्याय आहे. साखर कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर निरंकार उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच करू नये.

सणाच्या दिवशी उकडीचा एक मोदक किंवा अर्धी-पाऊण पुरणपोळी जेवणातच खावी, जेवणानंतर तासाभराने ‘अजून एक’ म्हणून खाऊ नये. त्या दिवशी भात वगळावा आणि संध्याकाळी थोडे अधिक चालावे. वर्षातील दहा-बारा सणांनी साखर बिघडत नाही. उरलेल्या साडेतीनशे दिवसांच्या सवयींनी बिघडते.

शतपावली, जरा लांबवून

रात्रीच्या जेवणानंतर शतपावली करण्याची आपली जुनी रीत आहे. तिला आधुनिक प्रयोगांचाही दुजोरा मिळतो. साठीपुढील दहा व्यक्तींवर झालेल्या एका लहान अभ्यासात (२०१३) तिन्ही जेवणांनंतर प्रत्येकी १५ मिनिटे चालण्याचा परिणाम सकाळी सलग ४५ मिनिटे चालण्याइतकाच चांगला दिसला. रात्रीच्या जेवणानंतरची साखर रोखण्यात तर तो अधिक सरस ठरला. कारण सोपे आहे. साखर रक्तात चढत असतानाच पायांचे स्नायू तिची उचल करू लागतात.

तेव्हा शंभर पावलांवर न थांबता दहा ते पंधरा मिनिटे चालावे. रस्ता खराब असेल, अंधार असेल किंवा कुत्र्यांचे भय असेल, तर घरातल्या घरात, गच्चीवर अथवा इमारतीच्या आवारात फेऱ्या माराव्यात. गती एवढीच असावी, की चालता चालता बोलता येईल. पायात घट्ट बसणारी पादत्राणे असावीत. सैल सपाता घालून चालू नये. आठवड्याला १५० मिनिटे हे सर्वसाधारण उद्दिष्ट आहे, परंतु आज शून्यावर असलेल्याने पाच मिनिटांपासून सुरुवात करण्यात कमीपणा मानू नये. तासन् तास टीव्हीसमोर बसण्याची सवय असल्यास दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून पाणी पिण्याच्या निमित्ताने दोन फेऱ्या घालाव्यात.

बळ गमावून साखर घटवू नका

आमच्या दवाखान्यात चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक आजी येत असत. अहवालात एचबीए१सी ६.० आली, तेव्हा घरच्यांनी काळजीपोटी भात, फळे, दूध, शेंगदाणे, सारेच बंद केले. सकाळी एक पोळी व भाजी, रात्री भाजीचे सूप, असा क्रम सुरू झाला. चार महिन्यांनी त्या आल्या, तेव्हा आकडा ५.८ झाला होता आणि मुलाला त्याचा आनंद होता. वजन मात्र सहा किलोंनी घटले होते. खुर्चीतून उठताना आजींना दोन्ही हातांनी जोर द्यावा लागत होता आणि न्हाणीघरात एकदा त्यांचा तोल गेला होता. दोन दशांश साखर कमी करण्यासाठी त्यांनी मोजलेली किंमत फार मोठी होती. आहार पुन्हा भरून काढण्यास व पायांत बळ आणण्यास त्यांना पुढे बराच काळ लागला.

तरुण, स्थूल व्यक्तीला वजन घटवण्याचा जो सल्ला दिला जातो, तो सत्तरीच्या कृश व्यक्तीला जसाच्या तसा लागू करू नये. पोट सुटलेले असेल, तर सावकाश काही किलो कमी करणे हिताचे. मुळातच वजन कमी असेल, तर ते टिकवणे हेच उद्दिष्ट. उतारवयात रोज शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे सुमारे एक ते १.२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे तज्ज्ञ सुचवतात. म्हणजे साठ किलोच्या व्यक्तीला ६० ते ७२ ग्रॅम. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात ग्रॅम आणि मूठभर शेंगदाण्यांत सुमारे सात ग्रॅम प्रथिने असतात. पोळी-भाकरीतूनही काही मिळतात. प्रत्येक जेवणात यांपैकी काही तरी असले, तर हा हिशेब जुळू लागतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रथिनांचे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

प्रथिने खाल्ली तरी स्नायूंना काम दिल्याशिवाय ते टिकत नाहीत. त्यासाठी व्यायामशाळेची गरज नाही. पुढील तीन प्रकार घरी, आठवड्यातून किमान दोन-तीन दिवस करावेत.

१. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीत बसावे. शक्य तितका हातांचा आधार न घेता उभे राहावे व सावकाश बसावे. पाच वेळांपासून सुरुवात करून दहापर्यंत जावे.

२. ओट्याला किंवा जड टेबलाला धरून उभे राहावे. टाचा उचलाव्यात, दोन अंक मोजावेत आणि टेकवाव्यात. असे दहा वेळा.

३. भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून तळहात भिंतीला टेकवावेत. कोपरांत वाकून भिंतीकडे झुकावे व परत मागे यावे. असे आठ-दहा वेळा.

गुडघे दुखणाऱ्यांनी पहिल्या प्रकारासाठी खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करून घ्यावी. छातीत दुखणे, थोड्या श्रमाने धाप लागणे किंवा चक्कर येणे असा त्रास असेल, तर आधी तपासणी, मग व्यायाम.

झोप, मिश्री आणि औषधांचा डबा

अपुऱ्या झोपेने साखर वाढते. दुपारी दोन तास झोपायचे आणि रात्री टक्क जागे राहायचे, हा अनेक ज्येष्ठांचा क्रम असतो. दुपारची वामकुक्षी अर्ध्या तासावर आणावी. रात्रीचे जेवण झोपण्यापूर्वी दोन-तीन तास उरकावे. मोठ्याने घोरणे व झोपेत श्वास अडखळणे, अशी लक्षणे जोडीदाराने पाहिली असतील, तर ती डॉक्टरांना सांगावीत.

विडी-सिगारेटप्रमाणे तंबाखू आणि मिश्री हीदेखील हृदय व रक्तवाहिन्यांची वैरी आहेत. ‘मी फक्त दात घासायला मिश्री लावते’ असे सांगणाऱ्या कित्येक आजी दिवसातून पाच-सहा वेळा ती लावतात. ती सोडण्यासाठी मदत मागण्यात संकोच वाटू देऊ नये.

औषधांचा डबा एकदा डॉक्टरांपुढे उघडून ठेवावा. स्टेरॉइड, रक्तदाबासाठीच्या लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या यांनी साखर कमी-अधिक वाढू शकते. म्हणून त्या आपणहून बंद करू नयेत. हृदयाला होणारा त्यांचा लाभ फार मोठा असू शकतो. सांधेदुखीवर कोणी दिलेल्या, नाव नसलेल्या पुड्या मात्र ताबडतोब दाखवाव्यात. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते.

घरच्यांसाठी चार शब्द

मुलांनो, सुनांनो, लेकींनो, आपली तळमळ खरी आहे. पण ताटावर पहारा बसला, की माणूस चोरून खाऊ लागतो. देवळातून परतताना खाल्लेला पेढा घरी सांगितला जात नाही आणि वडील व मुलगा यांच्यात एक अबोला वाढत जातो. ‘बाबा, हे तुम्हाला चालत नाही’ असे चारचौघांत म्हणण्यापेक्षा साऱ्या घराचेच ताट बदलावे. मधुमेह घराण्यात चालतो. आज आजोबांसाठी केलेली उसळ व कोशिंबीर उद्या चाळिशीतल्या मुलाच्याही कामी येणार आहे. आजोबांसाठी वेगळा, बेचव स्वयंपाक हा एकाकीपणाचा अनुभव असतो. एका पंक्तीला बसून सर्वांनी एकच अन्न खाण्यात जो आधार आहे, तो कोणत्याही तक्त्यात नाही.

आपण दूरच्या शहरात किंवा परदेशी असाल, तर रोजच्या फोनवर ‘आज साखर किती आली?’ हा प्रश्न टाळावा. ज्यांना केवळ मधुमेहपूर्व अवस्था आहे आणि साखरेची कोणतीही गोळी चालू नाही, त्यांना रोज बोट टोचून साखर मोजण्याची गरज नसते. त्याऐवजी ‘जेवून चालून आलात का? आज कोण भेटले?’ असे विचारावे. चालण्यासाठी शेजारचा एक सोबती मिळवून दिलात, तर पाठवलेल्या महागड्या यंत्राहून त्याचा उपयोग अधिक होईल.

विस्मरणाचा विकार असलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या किंवा अतिशय थकलेल्या व्यक्तींच्या बाबतीत तर उंबरठ्यावरील आकड्यांचा पाठलाग सोडून द्यावा. त्यांनी आवडीने दोन घास खाणे, हेच तेथे महत्त्वाचे असते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

प्रयत्न न करता वजन घटू लागले, तहान व रात्रीची लघवी वाढली, नजर धूसर झाली, जखम भरेनाशी झाली किंवा जांघेत वा बोटांच्या बेचक्यांत वारंवार बुरशीचा संसर्ग होऊ लागला, तर वार्षिक तपासणीची वाट पाहू नये. एरवी वर्षातून एकदा साखर तपासावी आणि तिच्याबरोबर रक्तदाब, कोलेस्टेरॉल व मूत्रपिंडाचे कार्य पाहून घ्यावे. या अवस्थेत हृदयविकाराचा धोकाही काहीसा वाढलेला असतो, त्यामुळे केवळ साखरेकडे पाहून भागत नाही.

‘गोळी सुरू करावी का?’ असाही प्रश्न येतो. मेटफॉर्मिन हे जुने व विश्वासार्ह औषध आहे. परंतु वर उल्लेखिलेल्या २००२ च्या अमेरिकी अभ्यासात साठीपुढील गटाला त्याचा लाभ अगदी अल्प झाला, चालण्या-खाण्यातील बदलांचा मात्र भरपूर झाला. शिवाय दीर्घकाळ घेतल्यास त्याने बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. शेजाऱ्याला चालू आहे म्हणून आपणही घेऊ नये. निर्णय आपल्या डॉक्टरांबरोबर बसून करावा.

सुरुवात या आठवड्यात

वरील सर्व गोष्टी एकदम करू जाल, तर पंधरा दिवसांत थकाल. या आठवड्यासाठी केवळ दोन गोष्टी निवडाव्यात. माझ्या मते त्या अशा असाव्यात: रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटे चालणे, आणि न्याहारीत एक प्रथिनयुक्त पदार्थ. पोहे असतील तर त्यांत मटार व शेंगदाणे भरपूर घालून पोहे निम्मे करावेत. उपम्याबरोबर उकडलेले अंडे किंवा वाटीभर दही घ्यावे. भाजणीचे थालीपीठ अथवा मुगाचे धिरडे करावे. पंधरा दिवसांनी खुर्चीचा व्यायाम जोडावा. त्यानंतर भाताची वाटी बदलावी.

एका साध्या वहीत तीन नोंदी ठेवाव्यात: महिन्यातून एकदा वजन, महिन्यातून एकदा कमरेचा घेर आणि आधाराविना खुर्चीतून किती वेळा उठता आले तो आकडा. तीन महिन्यांनी एचबीए१सी तपासावी आणि अहवालाबरोबर ती वहीही डॉक्टरांकडे न्यावी. साखर थोडी उतरली असेल, वजन विनाकारण घसरले नसेल आणि खुर्चीतून पूर्वी पाच वेळा उठणारी व्यक्ती आता दहा वेळा उठत असेल, तर आपला मार्ग बरोबर आहे असे निःशंकपणे समजावे.